दोन ओळींत उत्तर लिहा

फेब्रुवारी २००९ मध्ये सिस्को कंपनीने आपल्या ‘सीसीआयई’ या सनदेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, म्हणजे नेटवर्किंगच्या व्यवसायात जिच्याकडे उमेदवार आदराने आणि धास्तीने पाहत आले त्या आठ तासांच्या लॅबमध्ये, राउटिंग आणि स्विचिंग या शाखेसाठी मोजके लघूत्तरी प्रश्न समाविष्ट केले, आणि मे २०१० मध्ये, जेमतेम सव्वा वर्षाने, ते काढून टाकले. या प्रश्नांना पर्याय दिलेले नसत. उत्तर एखाद्या शब्दाचे, आकड्याचे किंवा फार तर एक-दोन वाक्यांचे असे आणि ते उमेदवाराने स्वतः टंकावयाचे असे. शिवाय या प्रश्नांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाल्याखेरीज, दिवसभर राउटर आणि स्विच यांच्यावर केलेले काम कितीही निर्दोष असले तरी, सनद मिळावयाची नाही अशी सक्त अट होती. प्रश्न रद्द झाले तेव्हा उमेदवारांना हायसे वाटले आणि तसे वाटण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता, कारण ज्या रीतीने ते अमलात आणले गेले ती रीत अन्यायाची होती. परंतु त्या रीतीबरोबर एक उत्तम कल्पनाही दप्तरबंद झाली. ती पुन्हा बाहेर काढावी, आणि केवळ सीसीआयईसारख्या अत्युच्च परीक्षेतच नव्हे, तर त्याच कंपनीच्या खालच्या पायरीवरील सीसीएनएपासूनच्या सर्व व्यावसायिक परीक्षांत तिला कायमचे स्थान द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कल्पनेचा उगम कशात होता ते समजण्यासाठी थोडा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक आहे. सीसीआयई ही परीक्षा १९९३ साली सुरू झाली. तिच्या सनदांचे क्रमांक १०२४ पासून आरंभिले गेले आणि तो पहिला क्रमांक कोणा व्यक्तीस न देता खुद्द प्रयोगशाळेलाच देण्यात आला; माणसांचे क्रमांक १०२५ पासून पुढचे. आरंभीची लॅब दोन दिवसांची असे, आणि तिच्या अखेरच्या टप्प्यात, उमेदवाराने स्वतः कष्टाने उभारलेल्या जाळ्यात प्रॉक्टर, म्हणजे परीक्षेचा पर्यवेक्षक, बिघाड निर्माण करून ठेवी व तो शोधून दुरुस्त करण्याचे काम उमेदवारावर सोपवी. ज्याने जाळे समजून उभारले असेल त्यालाच ते मोडलेल्या अवस्थेत ओळखता येई. २००१ साली परीक्षा एका दिवसाची झाली, हा बिघाडशोधाचा स्वतंत्र भाग गळाला, आणि उरले ते एकच काम: दिलेल्या मागणीबरहुकूम कॉन्फिगरेशन लिहिणे. मागण्यांचे संच मर्यादित असल्यामुळे ते यथावकाश बाहेर फुटू लागले, आणि संपूर्ण लॅब आज्ञांसह मुखोद्गत करून येणाऱ्या उमेदवारांस अडविण्याचे साधन परीक्षा घेणाऱ्यांच्या हाती राहिले नाही. २००८ मध्ये बीजिंगच्या केंद्रावर लॅबपूर्वी उमेदवाराची छोटीशी तोंडी मुलाखत घेण्याचा उपाय करून पाहण्यात आला, तो याच कारणाने. आणि पुढील वर्षी आलेले लघूत्तरी प्रश्न म्हणजे त्या तोंडी जाबजबाबाचेच लेखी रूप होते.

खालच्या पायरीवरील परीक्षांची अवस्था याहून निराळी नाही. सीसीएनएच्या १२० मिनिटांत उमेदवारापुढे येणारे बहुसंख्य प्रश्न पर्याय निवडण्याचे किंवा जोड्या लावण्याचे असतात. काही ठिकाणी कृत्रिम राउटरवर आज्ञा द्याव्या लागतात, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. या परीक्षेच्या ३०० डॉलर शुल्काची तजवीज करताना लातूरच्या किंवा धुळ्याच्या मध्यमवर्गीय घराला महिन्याच्या खर्चाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि म्हणूनच पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होण्याची निकड इतकी तीव्र असते की, ज्यांना या व्यवसायात ‘डंप’ म्हणतात ते चोरून जमविलेले प्रश्नोत्तरसंच पाठ करण्याचा मोह अभ्यासू विद्यार्थ्यालाही आवरत नाही. त्या विद्यार्थ्याला दोष देऊन विषय संपवावा असे मला वाटत नाही. चार पर्यायांपैकी एक ओळखणे एवढीच ज्या परीक्षेची मुख्य मागणी आहे, ती परीक्षा ओळखण्याची शक्ती वाढविणाऱ्या अभ्यासालाच पारितोषिक देणार, आणि पर्यायांची ओळख करून घेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ते पर्याय आधीच पाहणे. आपल्या शालान्त परीक्षेच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘योग्य पर्याय निवडा’ आणि ‘जोड्या लावा’ यांच्यानंतर ‘शास्त्रीय कारणे द्या’ असा एक प्रश्न पिढ्यान्पिढ्या येत राहिला, आणि विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त भीती वाटे ती त्याच प्रश्नाची. कारण तेथे कोरी जागा असे आणि ती आपल्या समजुतीनेच भरावी लागे. नेटवर्किंगच्या परीक्षांत आज उणीव आहे ती या ‘कारणे द्या’ची.

एक उदाहरण विस्ताराने देतो, कारण माझा सर्व युक्तिवाद त्यावर उभा आहे. दोन राउटर एकमेकांस जोडलेले आहेत आणि ओएसपीएफ या प्रोटोकॉलने त्यांच्यात शेजार जुळावयाचा आहे. दोघांची ‘हॅलो’ पॅकेटे एकमेकांना पोहोचली, पोहोच तपासणारे पिंगही सुरळीत जाते आहे. तरीही शेजार पूर्णत्वास न जाता ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्स्चेंज’ या मधल्या अवस्थेत अडकून राहिला आहे. नेटवर्कच्या कामात काही वर्षे घालविलेल्या माणसाला हा प्रसंग परिचयाचा असतो, आणि त्याचे नेहमीचे कारण असे की, एका बाजूच्या इंटरफेसवर पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट आहे आणि दुसऱ्या बाजूस ती १४०० आहे. आपल्याजवळच्या माहितीसाठ्याचे वर्णन पाठविताना प्रत्येक राउटर त्या पॅकेटमध्ये आपली ही मर्यादा नमूद करतो, आणि ज्याची मर्यादा लहान आहे तो, स्वतःला न झेपणारा आकडा पाहून, ते पॅकेट नाकारतो. १९९८ च्या आरएफसी २३२८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात तसा नियमच घालून दिला आहे. हॅलो आणि पिंग यांची पॅकेटे लहान असल्यामुळे ती निर्वेध जातात आणि पाहणाराची दिशाभूल करतात.

आता हाच प्रसंग तीन प्रकारच्या परीक्षांत कसा उतरतो ते पाहावे. बहुपर्यायी प्रश्नात ‘एमटीयूमधील तफावत’ हे शब्द पर्यायांतच छापलेले असतात. ज्याने ‘एक्सस्टार्ट’ आणि ‘एमटीयू’ ही जोडी कोठेतरी शेजारीशेजारी वाचली आहे तो क्षणात ती ओळखतो, आणि ज्याने वाचलेली नाही त्यालाही चारांत एक एवढी दैवाची संधी असते. लॅबमध्ये उमेदवार दोन्ही इंटरफेसवर ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ ही आज्ञा देतो. राउटर आकड्याची तपासणी सोडून देतो, शेजार तत्काळ पूर्ण होतो, आणि प्रॉक्टरची तपासणी केवळ शेजार जुळला की नाही एवढेच पाहणारी असेल तर गुणही मिळतात. परंतु तफावत होती तेथेच आहे. उद्या त्या मार्गावरून पूर्ण आकाराची पॅकेटे जाऊ लागली म्हणजे ती वाटेत टाकली जातील, पिंग मात्र जातच राहील, आणि एखाद्या बँकेच्या शाखेत संगणकावर बसलेल्या कर्मचाऱ्याला काही पाने उघडतात आणि काही का उघडत नाहीत याचा उलगडा होणार नाही. तिसरा प्रकार लघूत्तरी प्रश्नाचा: ‘पिंग जात असूनही शेजार एक्सस्टार्टमध्ये का अडकतो, आणि एमटीयू-इग्नोर ही आज्ञा दिल्याने मूळ दोष जातो का? दोन ओळींत लिहा.’ ज्याला हे समजले आहे त्याला लिहावयास दोन मिनिटे पुरतात, आणि ज्याला समजलेले नाही त्याला दोन तास दिले तरी त्याच्या हातून योग्य उत्तर उतरणार नाही.

असे प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकी असतात अशी शंका कोणास येईल, तर २४ फेब्रुवारी २००८ ची घटना तिच्या निरसनास पुरेशी आहे. पाकिस्तान सरकारने त्या देशात यूट्यूब बंद करण्याचा हुकूम दिला. पाकिस्तान टेलिकॉमने त्याची अंमलबजावणी करताना यूट्यूबच्या पत्त्यांपैकी एका /२४ गटाकडे जाणारा मार्ग आपल्याकडे आहे अशी घोषणा केली, आणि ती घोषणा देशाच्या सीमेत राहण्याऐवजी पीसीसीडब्ल्यू या वरच्या वाहकाने तपासणी न करता जगभर पुढे पाठविली. यूट्यूब स्वतः /२२ ची, म्हणजे १०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची घोषणा करीत होते. राउटर नेहमी अधिक नेमक्या, अधिक लहान गटाच्या मार्गास पसंती देतो. सबब सुमारे दोन तास जगभरची रहदारी चुकीच्या दिशेने गेली. काही वेळाने यूट्यूबने प्रथम त्याच /२४ ची आणि नंतर तिच्याही अर्ध्या, /२५ च्या, दोन गटांची घोषणा केली. ती का केली, हा प्रश्न मी कोणत्याही नेटवर्क अभियंत्याच्या परीक्षेत आनंदाने घालीन. त्याचे उत्तर एका वाक्याचे आहे आणि त्या एका वाक्यात इंटरनेटच्या राउटिंगचे अर्धे तत्त्व सामावलेले आहे. पर्याय देऊन तोच प्रश्न विचारला तर ‘अधिक नेमका मार्ग’ हे शब्द आपणच उमेदवाराच्या हाती ठेवल्यासारखे होईल.

एवढी ही कल्पना गुणकारी असताना २००९ चा प्रयोग फसला कशामुळे? माझ्या मते त्याचा दोष प्रश्नांच्या प्रकाराकडे मुळीच जात नाही. तो जातो त्यांना दिलेल्या अधिकाराकडे आणि त्यांच्या तपासणीच्या गुप्ततेकडे. मोजक्या प्रश्नांच्या हाती संपूर्ण परीक्षेचा निवाडा सोपविणे ही गोष्टच मुळात अनुचित होती. त्या काळी लॅबचे शुल्क सुमारे १४०० डॉलर होते. भारतातील उमेदवार बंगळूरच्या केंद्रावर जात, पुण्या-मुंबईचा उमेदवार रात्रीचा प्रवास करून, तेथे मुक्कामाचा खर्च सोसून सकाळी लॅबमध्ये बसे. आणि महिनोन्महिने रॅकवर घालविलेल्या रात्रींचे फळ त्याला मिळणार की नाही, हे अर्ध्या तासाच्या आत लिहिलेल्या काही ओळींवर ठरे. त्यातून एखादा प्रश्न संदिग्ध निघाला तर दाद मागण्यास जागा नसे, कारण कोणत्या उत्तरास किती गुण पडले आणि कोणते का नाकारले याचा खुलासा उमेदवाराला मिळत नसे.

संदिग्धतेची भीती काल्पनिक नाही. ‘/३१ गटात उपकरणांना देण्याजोगे पत्ते किती?’ असा प्रश्न विचारला तर जुन्या रीतीने शिकलेला परीक्षक उत्तर शून्य धरील, कारण पहिला पत्ता गटाचा आणि शेवटचा सर्वांना उद्देशून. परंतु डिसेंबर २००० च्या आरएफसी ३०२१ ने दोन राउटरांमधील थेट दुव्यासाठी /३१ मान्य केला आहे आणि तेथे दोन्ही पत्ते वापरता येतात. ज्या उमेदवाराने अधिक वाचन केले आहे तो ‘दोन’ लिहील आणि उत्तरसूची जुनी असेल तर आपल्या विद्वत्तेमुळेच गुण गमावील. बहुपर्यायी प्रश्नात असा दोष निदान निर्जीव आकडेवारीत उघडा पडतो, कारण हुशार उमेदवार मोठ्या संख्येने एकाच ‘चुकीच्या’ पर्यायाकडे वळलेले दिसतात. लघूत्तरात तो एकेका उत्तरपत्रिकेत दडून राहतो. म्हणून लघूत्तरी प्रश्न विचारणाऱ्यावर अधिक कडक जबाबदारी येते, आणि ती स्वीकारण्याची तयारी नसेल त्याने ते विचारू नयेत हेच बरे.

प्रश्न गेले, तरी ज्या गरजेतून ते आले होते ती गेली नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये लॅबमध्ये दोन तासांचा बिघाडशोधाचा विभाग परत आला होताच. २०१४ मध्ये राउटिंग आणि स्विचिंग शाखेच्या लॅबला ‘डायग्नॉस्टिक’ नावाचा विभाग जोडला गेला. त्यात उमेदवारापुढे पत्रव्यवहार, आराखडे आणि नोंदी ठेवल्या जात आणि प्रत्यक्ष उपकरणास हात न लावता बिघाडाचे मूळ त्याने ओळखावयाचे असे. २०२० च्या नव्या रचनेत तीन तासांचा स्वतंत्र ‘डिझाइन’ विभाग आला. समजूत तपासली पाहिजे, हे परीक्षा रचणाऱ्यांना पुनःपुन्हा पटते. तथापि उपकरणावर प्रत्यक्ष करावयाचे काम सोडले, तर उत्तर मात्र निवडून किंवा जुळवूनच द्यावयाचे ठरते. यंत्राने तपासता यावे, जगाच्या कोणत्याही केंद्रावर एकाच मापाने मोजले जावे, निकाल लवकर लागावा, या सोयी मोठ्या आहेत आणि मी त्यांना कमी लेखत नाही. परंतु सोयीपुढे समजूत वारंवार माघार घेऊ लागली, तर सनदेची किंमत बाजारात हळूहळू उतरते, आणि तिचा पहिला फटका बसतो तो प्रामाणिकपणे शिकलेल्या उमेदवाराला, कारण त्याच्या आणि पाठ करणाऱ्याच्या हातात तोच कागद असतो.

लघूत्तरी प्रश्नांवर घेता येतील अशा आक्षेपांपैकी भाषेचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सीसीएनए ही परीक्षा इंग्रजीत आणि जपानीत घेतली जाते. मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकून पुढे अभियांत्रिकी पदविका घेतलेला मुलगा राउटरशी अत्यंत सफाईने बोलतो, पण इंग्रजी वाक्य रचताना अडखळतो. पर्यायांची परीक्षा त्याला एका अर्थाने सांभाळून घेते. लघूत्तरामुळे ज्ञानाची परीक्षा होता होता इंग्रजीची परीक्षा होऊ नये, यासाठी तपासणीचा नियम आरंभीच लिहून ठेवावा लागेल: व्याकरणास गुण नाहीत, चुकीच्या शुद्धलेखनास दंड नाही, आज्ञा, आकडा, बाण काढून दाखविलेला मार्ग, तुटक शब्द, यांपैकी कशानेही आशय पोहोचला तर पूर्ण गुण. ‘एमटीयू मिसमॅच, बिग पॅकेट ड्रॉप’ एवढेच कोणी लिहिले तर ते उत्तम उत्तर आहे. नेटवर्किंगच्या शब्दसंपत्तीत इंग्रजी न जाणणारालाही अवगत असे शेकडो शब्द आहेत, आणि रात्री दोन वाजता सर्व्हर रूममधून वरिष्ठाला फोनवर बिघाड सांगताना मराठी अभियंते त्याच शब्दांनी काम चालवितात. ज्याला फोनवर सांगता येते त्याला लिहिताही येईल.

उमेदवारांच्या विरोधाचीही मी पुरती दखल घेतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे २०२२ मध्ये ठरविले तेव्हा पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले, आणि अखेर ती पद्धत २०२३ ऐवजी २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. त्या आंदोलनाची प्रमुख मागणी मुदतीची होती: वर्षानुवर्षे एका पद्धतीने केलेली तयारी एका हुकमाने निरुपयोगी होऊ नये. ती मागणी न्याय्य होती, आणि नेटवर्किंगच्या परीक्षांत बदल करावयाचा तर किमान दीड-दोन वर्षांची पूर्वसूचना आणि नमुना प्रश्नांचा भरपूर संच आधी प्रसिद्ध झाला पाहिजे.

मग रचना कशी असावी? लघूत्तरांचे गुण एकूण गुणांत मिळवावेत. स्वतंत्र उत्तीर्णतेची अट नको. आकडा किंवा आज्ञा एवढेच ज्याचे उत्तर आहे ते यंत्राने तपासावे, ‘का’ विचारणारे प्रत्येक उत्तर मात्र दोन जाणकारांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाचावे, आणि त्यांच्यात मतभेद झाला तर तिसऱ्याने निवाडा द्यावा. आता यंत्रेही गद्य उत्तर वाचू लागली आहेत, त्यांची प्राथमिक मदत घेण्यास माझी हरकत नाही; परंतु उमेदवारास अनुत्तीर्ण ठरविणारे शेवटचे हस्ताक्षर माणसाचेच असावे. वापरून झालेले प्रश्न त्यांच्या उत्तरसूचीसह दर वर्षी प्रसिद्ध करावेत. तसे केल्याने डंपांचा बाजारही आपोआप मंदावेल, कारण ‘का’ विचारणारा प्रश्न जुन्या प्रश्नातील आकडे आणि आराखडा बदलून नव्याने रचता येतो, आणि जुने उत्तर तेथे लागू पडत नाही. आपले शालान्त मंडळ लक्षावधी विद्यार्थ्यांना मागणीनुसार उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची सोय देते. त्याच्या तुलनेने अत्यल्प उमेदवारांकडून डॉलरमध्ये शुल्क घेणाऱ्या परीक्षांना, निदान वरच्या पायरीवर, ही गोष्ट अशक्य म्हणता येणार नाही.

परीक्षा घेणाऱ्या कंपन्या हे करतील तेव्हा करतील. पुण्या-मुंबईतील ज्या आस्थापना नेटवर्क अभियंते नेमतात त्यांना मात्र कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाखतीपूर्वी प्रत्येक अर्जदाराला एक कागद आणि पंधरा मिनिटे द्यावीत, स्वतःच्याच जाळ्यात पूर्वी घडलेल्या बिघाडांवरून तीन ‘का’ विचारावेत, उत्तर मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिण्याची मोकळीक असावी, आणि ते कागद गुणांसह दप्तरी ठेवून, नाकारलेल्या अर्जदाराने मागितल्यास, त्याला दाखवावेत.